कुरिसावा स्टेशनची पाटी

मी कुरिसावा स्टेशनची पाटी बोलतेय. स्टेशन कुठं आहे, ते मात्र विचारू नका. स्टेशन नाही, रूळ नाहीत, गाडी नाही, शिट्टी नाही. नुसती मी आहे. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात अशी जेवणावळ असते ना, त्या जेवणावळीत मांडलेलं पान म्हणजे मी.

सध्या माझा मुक्काम कुठं आहे, ते ओघानं येईलच. आधी मला एका थोर माणसाबद्दल बोलायचं आहे. मोतेगी सेईजुरो त्याचं नाव. दोनदा मंत्री झाला, छातीवर पदकं लावून फोटो काढले. त्याच्याबद्दल आजवर जे जे बोलले, ते सगळे त्याच्या घरचं जेवून बोलले. मीही त्याच्या घरी राहून आले, पण मला कुणी काही वाढलं नाही. म्हणून माझी जीभ मोकळी आहे.

मी मूळची केयाकीचं झाड. शिनशूच्या डोंगरात, कुरिसावा गावी, मोतेगींच्या अंगणाच्या कडेला उभी होते. माझ्या सावलीत त्या घराच्या तीन पिढ्यांनी कोष वाळवले. घर रेशमाच्या किड्यांवर जगणारं, आणि किडे तुतीच्या पाल्यावर जगणारे. पाला संपला की सगळंच संपलं, एवढा सरळ हिशेब होता.

घरात दोन मुलगे. थोरला योहेई, धाकटा सेईजुरो. थोरला पहाटेच बापाबरोबर पाला तोडायला जायचा. धाकटा माझ्या जमिनीबाहेर आलेल्या मुळावर उभा राहून भाषण करायचा. ऐकायला कोंबड्या असल्या तरी त्याचं भागायचं.

एकदा त्याला शिंगवाला मोठा भुंगा सापडला. आमच्याकडच्या पोरांचा भुंग्यावर भारी जीव, झुंजी लावतात ना! सेईजुरोनं तो भुंगा सकाळी एकाला कबूल केला, दुपारी दुसऱ्याला आणि दिवस कलायच्या आत तिसऱ्याला. तिघांकडून भाजलेली रताळी लाटली. मग तिघंही एकदमच दारात आले, तर यानं पेटी उघडून दाखवली. रिकामी!

"उडून गेला," तो तोंड पाडून म्हणाला. "मी काय करू?"

भुंगा त्याच्याच किमोनोच्या बाहीत होता. मी वरून पाहत होते. आणि गंमत अशी, की त्या तिघा पोरांनी उलट त्याचीच समजूत घातली. हा पोरगा राजकारणात जाणार, हे मला त्या दिवशीच कळलं. झाडाला कळतं, माणसांना का कळत नाही कोण जाणे.

तो तोक्योला शिकायला गेला. खर्च अर्थात योहेईचा. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, तसा हा तिकडे मित्रांना साके पाजायचा आणि इकडे थोरला ठिगळाच्या विजारीत पाला तोडायचा. योहेईला त्याचं काहीच वाटायचं नाही. "आमच्या सेईच्या डोक्यात काहीतरी आहे," तो म्हणायचा. होतंच की. पण काय होतं, ते त्यानं कधी तपासलं नाही.

पुढची हकिगत मला गोनरोकुच्या तोंडून कळायची. गोनरोकु आमच्या गावचा टोफूवाला. कावड माझ्या बुंध्याशी टेकवायचा आणि कुणाचा तरी शिळा पेपर मोठ्यानं वाचायचा. सेईजुरो आधी जनतेच्या हक्कांसाठी गरजला. सरकारनं चार दिवस आत टाकलं. बाहेर आला तो दाढी घेऊनच, आणि त्या चार दिवसांवर जन्मभर जेवला. संसद भरायला लागली तसा निवडून गेला. मग ज्या सरकारला शिव्या दिल्या त्याच सरकारच्या बाकावर जाऊन बसला, मग परत विरोधात, मग पुन्हा आत. जिकडे घुगऱ्या तिकडे उदोउदो.

"या खेपेला कुठल्या पक्षात आहे तुमचा भाऊ?" गोनरोकु विचारायचा.

"देशाच्या पक्षात," योहेई गंभीरपणे सांगायचा. आणि घरातून त्याची बायको ओशिगे ओरडायची, "देशाचं राहू द्या, आधी पाला आणा!"

ओशिगे या घरात आली तेव्हा मी अंगणातच उभी होते, आणि त्या बाईची जीभ तेव्हाही कोयत्यासारखीच होती. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली.

मग एका वसंतात सेईजुरो उंच काळी हॅट घालून गावात आला. दरीतून रेल्वे नेणार, कुरिसावात स्टेशन होणार, असं त्यानं देवळाच्या आवारात जाहीर केलं. "कोष सकाळी गाडीत चढतील आणि संध्याकाळी योकोहामाच्या बाजारात उतरतील!" लोक रडायचेच बाकी होते. मत द्यायचा हक्क तेव्हा भरपूर कर भरणाऱ्या पुरुषांनाच होता, आणि आमच्या गावात ते मूठभर. त्या मुठीतल्या सगळ्यांनी मत दिलं.

"स्टेशनला सपाट जागा लागेल," तो जाताना म्हणाला. "दादा, तुझं तुतीचं रान काय सुरेख सपाट आहे रे."

एवढंच म्हणाला. मागितलं नाही, दे म्हणाला नाही. अशी माणसं स्वतः काही मागत नाहीत. समोरच्यालाच द्यायची बुद्धी होते.

योहेईनं रान मोकळं केलं. आजोबांच्या हातची तुती मुळासकट उपटली. ओशिगे बांधावर बसून पाहत होती. "गाडी दिसू तरी दे," ती म्हणत होती. "शिट्टी ऐकू आली की मी स्वतः उपटीन, माझ्या हातांनी."

"मंत्री होणाऱ्या माणसाच्या घरची बाई असं बोलते?"

"मंत्री होणाऱ्याच्या घरी किडे काय भाषणं खातात?"

ओढ्यापलीकडची एक चिंचोळी पट्टी तेवढी तिनं भांडून राखली. तिकडे जायला ओढ्यावर फळी होती ती कुजून पडली होती. "निदान ती फळी तरी बसवा," ती म्हणायची. योहेईला कुठला वेळ? त्याच्या डोक्यात गाडी धावत होती.

त्याच वर्षी पावसाळ्याआधी त्यानं मला पाडलं. आधी माझ्या मुळाशी साके ओतली, हात जोडले, क्षमा मागितली. रडला बिचारा. माझ्या खोडातून स्टेशनसाठी तुळया निघाल्या, आणि मधली सगळ्यात सरळ फळी म्हणजे मी. आमच्याकडे मोठ्या माणसाच्या हातची अक्षरं घरात टांगायची रीत आहे. लोक त्यांच्यापुढे फुलं ठेवतात, वाकून नमस्कार करतात. मंत्र्यानं चार अक्षरं लिहून दिली, म्हणजे ती काळ्या दगडावरची रेघ. योहेईनं मला नव्या गवती चटईत गुंडाळलं आणि तोक्योला धाडून दिलं. भावानं स्वतःच्या हातानं 'कुरिसावा स्टेशन' असं लिहावं, एवढीच त्याची इच्छा होती.

अशी मी त्या थोर माणसाच्या घरी पोचले. बैठकीच्या भिंतीला टेकवून ठेवलं मला. माझ्या शेजारी आणखी पाट्या होत्या, रेशमी पट्टे होते, पंखे होते. सगळ्यांना सेन्सेईंचं अक्षर हवं होतं. सेन्सेई म्हणजे गुरुजी. आमच्याकडे संसदेत गेलेल्या माणसाला असंच म्हणतात. कसले गुरुजी आणि कसली शाळा!

मी तिथं सगळा उन्हाळा उभी होते; आमच्याकडे तो पावसानंतर येतो. त्या काळात माझा थोर माणूस एकदाही कुंचला हातात धरताना मला दिसला नाही. तो वाम मासा खायचा. भाजलेली वाम, भातावर घातलेली, वर रस्सा. खाता खाता माणसांना भेटायचा. जो येईल त्याला हो म्हणायचा. बंदर हवं? हो. पूल हवा? हो. शेजारच्या गावाला तोच पूल नको? तेही हो.

एक दिवस असाकावाचे गिरणीमालक आले. असाकावा म्हणजे आमच्या डोंगरापलीकडची दरी. तिथं रेशमाच्या गिरण्या, श्रीमंत लोक, म्हणून मतंही भरपूर.

त्यांचा म्होरक्या फार गोड बोलत होता. "सेन्सेई, आमच्याकडचे खासदार यंदा कुणाच्या मागे उभे राहायचं या विचारात आहेत. मंत्रिमंडळ बनतंय म्हणे. आपली गाडी आमच्या दरीतून गेली, तर त्यांचा विचार लवकर पक्का होईल."

"कुरिसावाला शब्द दिलाय हो," माझा थोर माणूस म्हणाला. मला क्षणभर बरं वाटलं. मी झाड असताना त्याचे पाय माझ्या मुळावर होते, त्याचा काही गुण लागला असेल, असं वाटलं.

"माझं जन्मगाव आहे ते," तो पुढे म्हणाला, "म्हणजे मंत्रिपद जरा वजनदार खात्याचं लागेल."

म्हणजे तो नाही म्हणत नव्हता, भाव वाढवत होता. वामीचा काटा दातांतून काढता काढता त्यानं माझं गाव विकलं. मी तिथंच भिंतीला टेकून उभी होते, कोरी.

पाहुणे गेल्यावर त्यानं सेक्रेटरीला हाक मारली. निशिना नावाचा, बोटांना कायम शाई लागलेला, मिंधा माणूस.

"ती दादाची फळी अजून पडलीय का रे? लिहून टाक त्यावर."

"पण सेन्सेई, गाडी तर आता..."

"गाडी नाही तर नाही, पाटी तरी जाऊ दे. दादाला बरं वाटेल."

"सही आपली?"

"स्टेशनच्या पाटीवर सही नसते. घे, लवकर उरक."

निशिनानं अंगणात मला आडवं घातलं आणि अक्षरं लिहिली. खरं सांगते, अक्षर सुरेख होतं. त्या घरातून जेवढी थोर अक्षरं बाहेर पडली, तेवढी सगळी त्याचीच. देशभर लोक ज्यांना वाकून नमस्कार करत होते, ती एका पगारी माणसाची बोटं होती. शाई माझ्या अंगात मुरत होती आणि मला शरम वाटत होती. लाकडाला वाटली हो, ज्याला वाटायला हवी होती तो आत आंघोळ करत होता.

मी गावी परत आले ती ढोलताशांच्या गजरात. कोरक्यानं अक्षरं खोल कोरली, त्यांत काळा रंग भरला. उघड्या पडलेल्या त्या रानात दोन खांब उभे करून मला टांगलं, वर छोटं छप्परही घातलं. योहेईनं गुडघे टेकून मला नमस्कार केला. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे बाबा, ऊठ, ही त्याची अक्षरं नाहीत. पण पाटीला लिहिलेलं असतं तेवढंच बोलता येतं.

पुढच्या वर्षी गाडी आली. असाकावाला. वारा तिकडून असला की शिट्टी आमच्या रानात ऐकू यायची. सेईजुरो तोवर मंत्री झाला होता. भावाला त्यानं निरोप धाडला, की कमिटीनं ठरवलं, मी काय करू? मला भुंगा आठवला.

गावानं काय ते ओळखलं. योहेईनं ओळखलं नाही. "ती पहिली गाडी," तो म्हणायचा. "आपली दुसरी. सेईनं लिहून दिलंय." आणि रोज जाऊन रान साफ करायचा. उपटलेल्या तुतीची राहिलेली मुळं दर वसंतात कोंब काढायची. हिरवे, कोवळे, किड्यांना द्यावेत असे. आणि हा माणूस आपल्या हातांनी ते खुडून टाकायचा, कारण फलाटावर झुडपं बरी दिसत नाहीत!

ओशिगे आपल्या चिंचोळ्या पट्टीवरचा पाला आणायला ओढ्यात उतरायची. वसंतात डोंगरावरचं बर्फ वितळतं, ओढ्याचं पाणी मांडीपर्यंत येतं आणि हाडात शिरतं. त्या पाल्यावर किडे थोडेच जगायचे. चौथी कात टाकली की किडे थांबता थांबत नाहीत, नुसते खात सुटतात. पाला पुरायचा नाही, आणि अर्धे किडे तिला ओढ्यात टाकून द्यावे लागायचे. त्या दिवशी ती कुणाशी बोलायची नाही.

"अहो, एवढी एक ओळ वाढू द्या," ती विनवायची. तिच्या तोंडून विनवणी ऐकायची वेळ माझ्यावर आली. "गाडी आली की कापू."

"सेईनं स्वतःच्या हातानं लिहिलंय, शिगे. त्याचं अक्षर आहे ते. भावाच्या अक्षरावर विश्वास ठेवायचा नाही, तर कशावर ठेवायचा?"

"पाटीला पाला फुटतो का?"

त्यावर तो उठून जायचा. आणि येणारेजाणारे बांधावरून ओरडायचे. गोनरोकु सगळ्यांत पुढे. "काय स्टेशनमास्तर, दुपारची गाडी आज उशिरा आहे का?" योहेई त्यालाही वाकून नमस्कार करायचा. मला त्या माणसाचा राग यायचा आणि कीवही. एवढा सज्जनपणा काय कामाचा? पालथ्या घड्यावर पाणी. पण तो घडा सोन्याचा होता, हेही खरं.

असं कितीतरी वर्षं चाललं. मंत्रिमंडळं पडली, उठली. सेईजुरोचं मंत्रिपद गेलं, परत मिळालं, परत गेलं. मग निवडणूक अटीतटीची निघाली, आणि थोर माणसाला जन्मगाव आठवलं.

तो असाकावापर्यंत गाडीनं आला, हे सांगायला नकोच. तिथून रिक्षा ओढणारे दोघे त्याला घाट चढवून घेऊन आले. मे महिना होता, किड्यांची चौथी कात नुकतीच पडली होती. योहेईनं घराण्याचं चिन्ह असलेला काळा अंगरखा घातला. सभा कुठं ठेवली? माझ्या समोर. उघड्या रानात, पाटीखाली. भावाला आपलं जपलेलं स्टेशन दाखवायचं होतं त्याला. चटया अंथरल्या, ओशिगेनं सोबाच्या शेवया केल्या. वाढताना तिच्या बांगड्या असत्या तर वाजल्या असत्या, इतक्या जोरात ती वाडगे आपटत होती.

भाषण झालं. सचोटी हा शब्द त्यात किती वेळा आला, ते मोजायचं मी सोडून दिलं. मग तो जेवायला बसला. आता अंगानं सुटला होता, दाढी पांढरी झाली होती, पण खाणं तेच.

योहेई त्याच्या समोर गुडघ्यांवर बसला. सगळा गाव ऐकत होता. 

"सेई," तो म्हणाला, "मी काही विचारणार नाही. तू कामात असतोस, मला कळतं. मी फक्त दाखवायला आणलंय. जागा साफ ठेवलीय मी. तुळया कोरड्या ठेवल्यात. आणि हे बघ, पाटीसुद्धा. एक टवका उडू दिला नाही."

सेईजुरोनं शेवया ओढता ओढता मान वर केली. पहिल्यांदा नीट पाहिलं माझ्याकडे. डोळे बारीक केले. मान डोलावली, जाणकारासारखी.

"वा!" तो म्हणाला. "काय झकास अक्षर आहे! कुणाचं रे दादा?"

 गोनरोकुनं तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. निशिना मागे बसला होता, त्यानं आपली शाईची बोटं बाहीत लपवली. ओशिगे वाडगा हातात घेऊन उभी होती. एवढी वर्षं जिनं जीभ चालवली तिला त्या क्षणी नवऱ्याकडे बघवत नव्हतं. तिनं मान फिरवली.

योहेई बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग वाकून म्हणाला, "असेल कुणाचं तरी. शेवया घे अजून."

सेईजुरोनं घेतल्या. दोन वाडगे. मग सगळ्यांना नमस्कार करून, कुरिसावाचं ऋण मी विसरणार नाही असं बजावून, तो रिक्षात बसून निघून गेला. घाटाच्या वळणावर त्यानं हॅट हलवली.

योहेईनं काळा अंगरखा काढून नीट घडी करून बांधावर ठेवला. कुदळ आणली. खांबांच्या मुळाशी खणायला लागला.

"काय करताय?" ओशिगेनं विचारलं. आवाज अगदी बारीक.

"ओढ्यावर फळी नव्हती ना? तू कधीची म्हणत होतीस."

त्यानं मला खांद्यावर घेतलं आणि ओढ्यावर आडवी घातली. दोन्ही टोकांना दगड रचले. मग पाय देऊन पाहिलं. मी हलले नाही. केयाकीचं लाकूड आहे, उगाच नाही.

"अहो, अक्षरं खाली करा," ओशिगे म्हणाली. "लोकांचे पाय पडतील."

"वरच राहू दे."

तिनं टोपली उचलली, माझ्यावरून पलीकडे गेली, आणि पाला तोडायला लागली. त्या वर्षी पहिल्यांदा तिचे पाय कोरडे राहिले. दोघांनी मिळून रानात तुतीच्या फांद्या रोवल्या, आणि ज्या मुळांनी पुन्हा पुन्हा कोंब काढले होते त्यांना वाढू दिलं. माझ्या तुळयांची किड्यांसाठी शेड झाली. म्हणजे आम्ही सगळी भावंडं कामाला लागलो.

सेईजुरो ती निवडणूक जिंकला, सांगायला खेद वाटतो. पुढे बऱ्याच वर्षांनी मेला. तोक्योत मोठी अंत्ययात्रा निघाली म्हणे. गोनरोकु पेपर घेऊन आला तो थेट माझ्यावर उभा राहून वाचायला लागला. "'रेल्वे घरोघरी पोचवणारा नेता गेला.' आणि हे ऐका, 'त्यांच्या हस्ताक्षराची कीर्ती देशभर होती.'"

पलीकडून योहेई पाल्यानं भरलेली टोपली पाठीवर घेऊन येत होता. थांबला. माझ्यावरच्या अक्षरांच्या खाचांत चिखल भरला होता, तिकडे एकदा पाहिलं त्यानं. भाऊ होता शेवटी. डोळे पुसले. मग म्हणाला, "गोनरोकु, बाजूला हो. किडे उपाशी आहेत."

आणि माझ्यावरून घरी गेला.

तर मंडळी, अशी मी. आता उन्हापावसानं काळी पडलेय, कडा झिजल्यात. कधी कुरिसावाला आलात तर गाडीची चौकशी करू नका. ओढ्यापाशी या आणि माझ्यावर बिनधास्त पाय द्या. चपला काढायची गरज नाही, अक्षरं काही फार थोर माणसाची नाहीत. मोतेगींच्या घरातून जेवढी वचनं निघाली, त्यांतली पलीकडे पोचवणारी मी एकटीच आहे. आजवर कुणाला पाण्यात पाडलेलं नाही.